घंटीला कंठ फुटला

सरका, अजून जरा आत सरका. दाराशी बसलेल्याला पहिला उचलतात. कोण उचलतं ते विचारू नका, मला तरी कुठे ठाऊक आहे? आणि ते मोबाइल खिशात घाला. भूत आलं तर फोटो काढणार आहात? काढा, पण फोटोत तुमचंच घाबरलेलं तोंड येईल आणि घरचे त्यालाच भूत समजतील.

ही गोष्ट माझ्या ओळखीच्या वेल्डरची. खरी आहे. थाप असती तर मी तिला याहून बरा शेवट दिला असता.

गेल्या फेब्रुवारीतला तिसरा गुरुवार. आकाशात चंद्राचा पत्ता नव्हता.

वेल्डर कसा, तर स्वतः बनवलेल्या दारांसारखा. रुंद, चौकोनी आणि ढकलल्याशिवाय न बोलणारा. दिवसभर दुकानात ग्राइंडर किंचाळायचा, त्यामुळे घरी आला की त्याला शांतता लागे. एकच आवाज चालायचा, पोराचा. एकुलता एक पोरगा, चौदा वर्षांचा, आणि तोही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, बायकोने देवाचं डोकं खाऊन खाऊन मिळवलेला. चर्चच्या मुलांच्या क्वायरमध्ये तो गायचा. असा गायचा, की शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारे म्हातारेसुद्धा जागे होऊन, आपण झोपलोच नव्हतो असा चेहरा करायचे. गावभर त्याला घंटी म्हणत. वेल्डरला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घंटीने वरचा सूर लावला की हा गडी मान खाली घालून बुटांकडे बघत बसायचा. डोळे पुसताना कोणी पाहू नये म्हणून.

तर त्या गुरुवारी वेल्डर शटर ओढत होता आणि बायकोचा फोन आला.

"अहो, घंटी अजून आला नाही. प्रॅक्टिस संपून तास होत आला. त्याला घेऊन या, आणि येताना साखर आणा."

"येईल की. मित्रांबरोबर असेल."

"साखरपण मित्रांबरोबर येईल का?"

वेल्डर निघाला. घाई नव्हती. वाटेत एकाशी फाटकाच्या बिजागरीबद्दल बोलला, दुकानदाराशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घातली, साखरेची पिशवी बगलेत मारली आणि रमतगमत चर्चपाशी पोचला.

चर्चला कुलूप.

मागच्या अंगणात क्वायरच्या मास्तरांची खोली आहे. मास्तरांना दिसत नाही, तरुणपणीच दृष्टी गेली. पण कान! एकदा मी त्यांना दचकवायला म्हणून मांजराच्या पावलांनी जाऊन पाठीमागे उभा राहिलो. मास्तरांनी मानसुद्धा वळवली नाही. म्हणाले, "उजव्या गुडघ्याला तेल लावा, करकरतोय."

आता या मास्तरांची एक पद्धत होती. तालीम संपली की ते पोरांना नुसतं सोडायचे नाहीत. सगळ्यांनी तोंड मिटून एक सूर धरायचा आणि तो गुणगुणतच एकेकाने दाराबाहेर पडायचं. याला ते म्हणत 'सूर घरी नेणं'. पोरं बाहेर पडत जायची तसा आतला आवाज विरळ होत जायचा. शेवटचं पोर गेलं की चर्च गप्प. ती शांतता नीट ऐकायची आणि मगच कुलूप लावायचं. इतर मास्तर हजेरी मांडतात, हे हजेरी ऐकायचे.

"मास्तर, घंटी आहे का इथे?"

"नाही बुवा. सगळे गेले. घंटी शेवटून दुसरा निघाला."

"पाहिलंत तुम्ही?"

"मी काय पाहणार, वेल्डर?" मास्तर हसले. "ऐकलं. तो सूर माझ्याकडून चुकेल का? आणि आज काय गायला पोरगा! महिनाभर सर्दी म्हणून तोंड उघडत नव्हता. मला येत्या रविवारची काळजी लागली होती, एकट्याने गायचंय ना त्याला. आज एकदम कंठ फुटला!"

वेल्डरची छाती इंचभर फुगली. बापच तो. मग त्याला आठवलं की पोरगा सापडलेला नाही.

तो मित्रांच्या घरी गेला. पहिल्याच्या घरी नाही. दुसऱ्याच्या घरी नाही. दुसऱ्याची आई म्हणाली, "तुमचा घंटी? तो तर महिनाभर कुणाशी बोलतच नाही म्हणे. शिंगं फुटली असतील." वेल्डर ओशाळं हसला. पण निघताना त्याचं पाऊल जरा भरभर पडलं.

क्वायरमध्ये घंटीच्या शेजारी एक मुलगी उभी राहायची, तिला पोरं चष्मिस म्हणत. तिच्या घराचं दार वेल्डरने वाजवलं तेव्हा ती झोपायच्या तयारीत होती.

"काका, घंटी आज आलाच नव्हता."

"आलाच नव्हता? अगं, मास्तर म्हणतात गात होता!"

चष्मिसने आईकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"...गात होता."

"नीट बोल की!" आई ओरडली. "आला होता की नव्हता?"

"आई, त्याची जागा रिकामी होती. मी शेजारीच होते ना. पण आवाज येत होता. तिथूनच. आम्हाला वाटलं, तो मागे लपून मस्करी करतोय." तिचा आवाज बारीक झाला. "मी मागे वळून बघितलं, काका. मागे भिंत होती."

वेल्डरने बगलेतली साखरेची पिशवी सावरली. तो वळला. मागून तिने हाक मारली, "काका, त्याला कंठ फुटलाय! त्याने सांगितलं नाही तुम्हाला?"

"हो गं, मास्तरही तेच म्हणाले," असं काहीतरी पुटपुटत तो जिना उतरला. शब्द कानावर पडला, डोक्यात गेला नाही. बापाचं डोकं तेव्हा कुठल्या कुठे पळत होतं.

त्यानंतर वेल्डर बस स्टँडवर गेला. हॉस्पिटलात गेला. तिथे रजिस्टरमागच्या बाईने "कसे कपडे होते?" विचारलं तर त्याला सकाळचे कपडे आठवेनात. सकाळी पोराकडे पाहिलंच नव्हतं त्याने. तोंडात ब्रश धरून नुसता "हं" म्हणाला होता. मग तो पुलावर गेला, कठड्यावरून वाकून खालच्या काळ्या पाण्याला हाका मारत राहिला. जाणारे येणारे थांबून बघायचे आणि पुढे जायचे. दर थोड्या वेळाने बायकोचा फोन. आधी विचारायची, "मिळाला?" मग नुसतं, "अहो?" शेवटी तेही नाही. फोन उचलला की पलीकडे फक्त तिचा श्वास. दोघं तसेच फोन धरून उभे.

साखरेची पिशवी कुठे पडली, ते त्याला आजही माहीत नाही.

अकरा वाजून गेले आणि गावातली लाइट गेली. त्या काळोखात तो पुन्हा मास्तरांच्या दारात उभा राहिला. चष्मिस काय म्हणाली ते त्याने सांगितलं. जागा रिकामी. आवाज येत होता. मागे भिंत.

मास्तर पलंगावर बसले होते. बसलेले असतानाच त्यांनी हाताने पलंगाची कड चाचपून घट्ट धरली.

"शेवटून दुसरा," ते म्हणाले. "आणि मी मूर्ख. सूर लांब गेला, ते ऐकलं मी. दाराकडे गेला असं धरून चाललो. दाराकडे नव्हता गेला, वेल्डर. खाली गेला होता."

"कोण?"

मास्तरांनी कान चर्चच्या बाजूला वळवला. मग म्हणाले, "मी लहान होतो. दिसत होतं तेव्हा मला. क्वायरमध्ये सगळ्यात छोटा एक होता, पिल्लू म्हणायचो त्याला. आवाज असा, की... असा आवाज मी नंतर एकदाच ऐकला. तुमच्या पोराचा. तालमीनंतर आम्ही लपाछपी खेळलो. पिल्लू ऑर्गनच्या खाली, भात्याच्या तळघरात लपला. कंटाळून आम्ही घरी गेलो. दार लावलं कोणीतरी."

"मग?"

"रविवारी ऑर्गन वाजेना. भात्यात हवा भरेना. म्हणून फळ्या काढल्या..."

"पुरे, मास्तर."

"तेव्हापासून सूर घरी न्यायला लागलो. सगळे नेतात. त्याचाच तेवढा राहिलाय." मास्तर उठले. खुंटीवरून चावी काढली. "चला."

चर्चचं दार उघडलं. आत बाकांच्या रांगा, मेणाचा जुना वास आणि काळोख. वेल्डरने मोबाइलचा दिवा लावला. मास्तर मात्र दिव्याच्या पुढे झपझप चालत गेले. त्यांना काय, त्यांचा रोजचाच काळोख. ऑर्गनच्या मागे एक बुटकं दार होतं. मास्तरांनी हाताने चाचपलं.

"कडी बाहेरून लागलीय."

"कुणी लावली?"

मास्तरांनी कडी काढली. दार उघडून पाठीने अडवून उभे राहिले. "हे मी धरतो. काही झालं तरी मिटू देत नाही. तुम्ही उतरा."

वेल्डर वाकून पायऱ्या उतरला. आता ऑर्गनला विजेचं यंत्र हवा पुरवतं, पण जुना भाता कोणी हलवला नव्हता. पलंगाएवढ्या दोन फळ्या आणि मधे घडी पडलेलं, फाटकं चामडं. उजवीकडे ते धूड. डावीकडे ऑर्गनच्या नळ्यांखाली रांगत जाण्याएवढी बोळ.

"घंटी!" तो ओरडला. "बाळा!"

काही नाही.

"घंटी!"

"...पप्पा."

डावीकडून.

गोड, स्वच्छ, वर तरंगणारा आवाज. घंटीचा. ज्या आवाजासाठी तो दर रविवारी बुटांकडे बघायचा, तोच. वेल्डरने गुडघे टेकले. तो तसाच गुडघ्यांवर बोळीत शिरला. मोबाइल कशावर तरी आपटला आणि विझला. विझला तर विझला. तो चाचपडत पुढे सरकला.

"कुठे आहेस रे? आलो मी. आलो."

"पप्पा..."

अंधारात एक हात त्याच्या हातात आला.

"सापडलास! चल घरी, राजा. चल घरी. आई वाट बघतेय. चल..."

हात गार होता. एवढा वेळ खाली बसलेल्याचा गारच असणार. त्याने तो दोन्ही हातांत घेऊन चोळला.

चोळताना थांबला.

हात... लहान होता.

त्याच वेळी उजवीकडून, भात्याच्या बाजूने, कोणीतरी बोललं. घोगरं. खरखरीत. लोखंडावर लोखंड घासावं तसं.

"पप्पा... तिकडे नका जाऊ..."

वेल्डर झटकन उजवीकडे वळला. हेच ते! "गप!" तो किंचाळला. "चालता हो! माझा पोरगा मी नेतोय! हात लावलास तर बघ!"

"पप्पा, मी आहे..."

"गप म्हणतो ना!"

"पप्पा, मीच आ..."

आणि तो घोगरा आवाज मधेच चिरला. चिरून वर गेला. त्या चिरेतून क्षणभर त्याचा पोरगा डोकावला आणि पुन्हा खरखरीत बुडाला.

त्याला कंठ फुटलाय, काका.

आता तो शब्द डोक्यात गेला. मास्तर म्हणाले होते ते कंठ फुटणं वेगळं, पोरगी म्हणाली होती ते वेगळं. मिसरूड येताना फुटतो तो कंठ! त्याचा स्वतःचा फुटला तेव्हा त्याचा बाप जेवताना पोट धरून हसला होता आणि हा भरल्या ताटावरून उठून गेला होता. महिनाभराची सर्दी. महिनाभर मिटलेलं तोंड. पोरगा मोठा होत होता, आणि ते बापाला कळू नये म्हणून गप्प बसला होता. बापाला तो सूरच तेवढा आवडतो, हे त्याला ठाऊक होतं.

मग हा हात कुणाचा?

त्याने हात सोडला.

हाताने त्याला सोडलं नाही.

"तुम्हीच म्हणालात ना," तो गोड आवाज अगदी कानाशी म्हणाला. "चल घरी."

वेल्डर मागे सरकला. हात बरोबर. बोळीतून बाहेर आला. हात बरोबर. एका हाताने चाचपडत भात्यापाशी पोचला. फळीखाली पोराचं डोकं लागलं. घामाने भिजलेले केस. गरम कपाळ. गरम!

"घंटी!"

"छातीवर... फळी..." पोराला श्वास पुरत नव्हता. "रविवारी गाता येणार नाही... म्हणून लपलो. सगळे गेले की... निघणार होतो. ओरडलो पप्पा. आवाजच निघेना. वर... माझाच आवाज गात होता..."

"बोलू नकोस. श्वास घे. फक्त श्वास घे."

वेल्डरने फळीखाली खांदा घातला. एकट्याने लोखंडी फाटकं उचलणारा माणूस. फळी हलली नाही. त्याने दात खाऊन जोर लावला. मणका कडकडला. नाही. उलट फळी खाली आली. फाटकं चामडं हळूच सुस्कारलं... वर... आणि खाली. आणखी खाली. भाता श्वास घेत होता. तो जेवढा घेई, तेवढा पोराचा कमी होत होता.

"पप्पा..."

"देवा, मला घे. मला घे रे. याला सोड."

देव काही बोलला नाही. बोलला तो हात धरलेला.

"मग मी?"

वेल्डर हुंदके द्यायला लागला होता. "सोड रे त्याला. तुझ्या पाया पडतो."

"मग मी?"

फळीखालचा श्वास आता ऐकूच येत नव्हता.

"तूही चल," वेल्डर म्हणाला. "तूही चल घरी. माझ्या घरी चल. सोड त्याला."

भाता थांबला.

मग बोटं एकेक करून सुटली.

फळी पुठ्ठ्यासारखी हलकी होऊन वर आली.

पोराला उचलून तो पायऱ्या कशा चढला, ते त्याला सांगता येत नाही. वर मास्तर दार धरून तसेच उभे. घामाने थबथबलेले. दार त्यांच्या पाठीवर एवढा वेळ कोणीतरी ढकलत असावं तसे. त्यांनी पोराचा चेहरा चाचपला, छातीवर कान ठेवला आणि पहिल्यांदा मोठ्याने रडले. मग तिघे बाकांमधून चालत मोठ्या दाराबाहेर आले.

मास्तर उंबऱ्याशीच थांबले. मान तिरकी करून ऐकत राहिले.

"वेल्डर, गुणगुणतंय कोण?"

"कुणी नाही मास्तर."

"तुमच्या मागून..." मास्तर थांबले. मग वळून आतल्या काळोखाकडे कान केला. "गप्प झालं," ते हळूच म्हणाले. "आत पहिल्यांदा अगदी गप्प झालं." आणि त्यांनी कुलूप लावलं.

घरी आईने आधी पोराच्या कानाखाली एक दिली, मग त्याला असं छातीशी धरलं की पोरगा पुन्हा गुदमरतो का काय अशी भीती. "आई, सोड," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"हा कुणाचा आवाज?"

"माझाच."

"मोठा झाला तो," वेल्डर म्हणाला. "त्याच्या आवाजाला काही म्हणायचं नाही." आणि बुटांकडे बघत बसला.

खाली काय कबूल करून आला, ते त्याने बायकोला सांगितलं नाही. पोरालाही नाही. फक्त दार लावताना त्याने उगाच वेळ लावला. दार अर्धं उघडं धरून, बाजूला सरून, कुणीतरी आत येईपर्यंत थांबावं तसा तो उभा राहिला. बायको म्हणाली, "लावा की, गार वारा येतोय." तेव्हा लावलं.

तिघे एकाच अंथरुणावर झोपले. पोरगा मधे. आईने त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं.

सकाळी अंथरूण झटकताना पोराच्या उशीशेजारून काहीतरी टपकन फरशीवर पडलं. आईने उचललं. खिडकीशी नेलं. मग वेल्डरला हाक मारली. नुसतं "अहो" म्हणाली, तसंच, रात्री फोनवर म्हणायची तसं.

वेल्डरने पोराला बोलावून त्याचं तोंड उघडायला लावलं. वरचे पाहिले. खालचे पाहिले. सगळे जागच्या जागी, चौदा वर्षांच्या मुलाचे असतात तसे मोठे, पक्के.

तिच्या तळहातावरचा दात दुधाचा होता. पुढचा. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. तो नुकताच पडला होता. मुळाशी रक्त अजून ओलं होतं.